अंगण खरंच वाकडं आहे का?

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला लावतो. पण एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. अंगण खरोखरच वाकडे असेल तर? ते वाकडे आहे की पायात ताल नाही, हे ठरवायचे कसे? आणि ठरवण्याआधीच नवे अंगण घालायला गवंडी बोलवावा का? गेल्या वर्षी आमच्या घरात हाच प्रश्न उभा राहिला. अंगणाच्या जागी रेडिओ होता आणि गवंड्याच्या जागी नव्वद हजार रुपये.

माझे माहेर बेळगावचे. वडगावात भावाचे चार यंत्रमाग आहेत. लग्न होऊन मी इंदूरला आले त्याला आता चौतीस वर्षे झाली. स्टेशनापासून जवळच असलेल्या स्नेहलतागंज भागात आमचे जुने घर आहे. इथली मराठी माणसे हिंदीच्या फोडणीचे मराठी बोलतात आणि माझ्या बेळगावी हेलाला अजून हसतात. भावाचा मुलगा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो आणि आमच्याकडेच राहतो. मला तो आत्या म्हणतो आणि आमच्या यजमानांना मामा. आपल्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात, याचे इंदूरकरांना फार नवल वाटते.

आमचे 'हे' टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि हौशी रेडिओचे परवानाधारक. हौशी रेडिओ म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या संचावरून जगभरच्या तशाच हौशी लोकांशी बोलण्याचा छंद. आपल्या देशातल्या या मंडळींची सांकेतिक नावे 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. छंद म्हटला तरी तो निव्वळ करमणुकीचा नाही. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा अशाच हौशी लोकांची एक तुकडी प्रयोगासाठी पोर्ट ब्लेअरला गेलेली होती. टेलिफोन बंद पडल्यावर त्यांच्या संचांवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचले.

तर मामांचे बघून भाच्यालाही हे वेड लागले. त्याने आधी साडेतीन हजारांची एक काडी आणली. पेन ड्राइव्हएवढी वस्तू, एका टोकाला अँटेना आणि दुसरे टोक लॅपटॉपमध्ये. मला तर तो रेडिओ वाटेचना. रेडिओ म्हणजे काटा, बटणे आणि वर क्रोशाचे कव्हर! मग यांनी समजावून सांगितले. जुन्या रेडिओत हवे ते स्टेशन निवडायचे काम आतली तारेची वेटोळी आणि कपॅसिटर करीत. या नव्या प्रकारात काडीतली चिप हवेतल्या लहरींचे नुसते आकडे करते, सेकंदाला वीस-चोवीस लाख वेळा मोजून. पुढचे सगळे, म्हणजे स्टेशन निवडणे, खरखर गाळणे, आवाज काढणे, हे लॅपटॉपमधला प्रोग्रॅम करतो. म्हणजे रेडिओचा अर्धाअधिक भाग आता वस्तू नाहीच, लिहिलेला मजकूर आहे.

या काडीचा इतिहासही गमतीचा आहे. ती मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी बनवलेली. २०१२ च्या सुमारास काही हुशार हौशी लोकांच्या लक्षात आले, की आतली चिप कच्चे आकडे जसेच्या तसे बाहेर देऊ शकते. त्यांनी तसा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकला. त्याआधी २००१ मध्ये 'ग्नू रेडिओ' नावाचा रेडिओच्या सॉफ्टवेअरचा संच सुरू झालेला होताच. तोही खुला. खुला म्हणजे नुसता फुकट नव्हे. त्याची कृती कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि सुधारून परत देता येते. शेजारणीने आयत्या चकल्या देणे वेगळे आणि भाजणीचे प्रमाण लिहून देणे वेगळे, तसेच हे.

काही महिने भाचा खूश होता. इथल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारी विमाने तो लॅपटॉपवर बघायचा. विमाने आपली उंची आणि जागा १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतात, ती या काडीला ऐकू येतात. पण त्याला खरी ओढ शॉर्टवेव्हची. दूरदेशीचे हौशी लोक ऐकायचे. आणि तिथे काही जमेना. गच्चीवर तार बांधली, तरी लॅपटॉपच्या पडद्यावर नुसते धुके आणि कानात सतत चर्रर्र. एके दिवशी जेवताना त्याने जाहीर केले, "या काडीत दम नाही. चांगला संच घ्यायला हवा. नव्वद हजारांत येतो. बाबांना सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. "आक्का, तूच सांग. पोराचं शिक्षण म्हणतोय म्हणजे नाही कसं म्हणू? पण आईच्या गुडघ्यासाठी ठेवलेत तेवढेच आहेत बघ. ते दिले तर ऑपरेशन दिवाळीनंतरच."

माझी आई अठ्याहत्तर वर्षांची. जिन्याच्या तीन पायऱ्या चढायला तिला दोन वेळा थांबावे लागत होते. एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला गुणी पोराची खरीखुरी आवड. हट्ट म्हणून ती झटकून टाकावी अशी नव्हती. मी गणिताची शिक्षिका, रेडिओतले मला काय कळणार? मी यांच्यापुढे प्रश्न ठेवला.

हे म्हणाले, "संच वाईट नाही. पण काडीत दम नाही हे त्याने कशावरून ठरवलं? आधी मोजू दे."

भाच्याला ते लागले. दोन दिवस तो आमच्याशी नीट बोलला नाही. मामा जुन्या काळातले, त्यांना काय कळतंय, असा भाव. तिसऱ्या दिवशी यांनी त्याला एक साधा प्रयोग सांगितला. लॅपटॉप बॅटरीवर चालव आणि घराचा मेन स्विच दहा मिनिटे बंद कर.

भर दुपारी, उकाड्यात, पंखे बंद. सासूबाई खोलीतून ओरडल्या, "काय चाललंय?" आणि इकडे पडद्यावरचे धुके बरेचसे विरले. म्हणजे ती चर्रर्र आकाशातून येत नव्हती, आमच्याच घरातून येत होती. मग एकेक स्विच लावत चोर शोधला. तो सापडला देवघरात! देवापुढे लावलेल्या एलईडी माळेचा स्वस्तातला अडॅप्टर. दुसरा चोर माझ्या शिवणयंत्रावरचा दिवा. नव्वद हजारांचा संच आणला असता तर त्याने ही चर्रर्र आणखी स्वच्छ ऐकवली असती, एवढेच. सासूबाईंनी मात्र देवाचे दिवे काढायला साफ नकार दिला. शेवटी चांगल्या प्रतीचा अडॅप्टर आणून तडजोड झाली. देव आणि रेडिओ दोघेही प्रसन्न झाले.

पण सगळे धुके गेले नाही. आमची वस्ती दाट, खांबावरच्या तारा जुन्या. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यामुळे सैल जोडातून उडणारी ठिणगी सेकंदाला शंभर टोचे मारते. हे टोचे गाळण्याची सोय प्रोग्रॅममध्ये होती, पण तिचा उपयोग होत नव्हता. कारण? प्रोग्रॅम खुला असल्याने कारण उघडून बघता आले. टोचा कशाला म्हणायचे याची मर्यादा लिहिणाऱ्याने एकाच ठिकाणी पक्की बांधून ठेवली होती. तो बहुधा शांत गावात राहणारा असावा! आमच्या गल्लीत दुपार, संध्याकाळ आणि रात्र यांचा गोंगाट वेगवेगळा. म्हणून ती मर्यादा आजूबाजूच्या गोंगाटाप्रमाणे आपोआप वर-खाली व्हावी, असा बदल भाच्याने करायला घेतला.

इथे मला माझ्या विषयातले काहीतरी सांगता आले. मी म्हटले, "सुधारणा झाली हे ओळखणार कसं? आज हवा चांगली असेल तर जास्त ऐकू येईल, उद्या कमी. पेपर तोच ठेव आणि विद्यार्थी बदल." ते त्याला पटले. या रेडिओची मोठी सोय अशी, की आलेले कच्चे आकडे जसेच्या तसे साठवून ठेवता येतात. त्याने एका संध्याकाळचे अर्ध्या तासाचे आकडे साठवले आणि तेच पुन्हा पुन्हा जुन्या व नव्या प्रोग्रॅममधून गाळले. जुन्यात अकरा दूरची स्थानके ओळखता आली होती. पहिल्या बदलानंतर नऊ! भाच्याचे तोंड बघण्यासारखे झाले. टोच्यांबरोबर प्रोग्रॅम चांगले संकेतही कापत होता. पाचव्या-सहाव्या प्रयत्नात आकडा सतरावर गेला. काडी तीच, तार तीच, संध्याकाळही तीच.

ही काही आमच्या घरातली जादू नव्हे. मोठमोठ्यांनी हेच केलेले आहे. हौशी लोकांत सध्या 'एफटीएट' नावाची संदेशपद्धत फार चालते. २०१७ मध्ये ती आणणाऱ्या दोघांपैकी एक जोसेफ टेलर. त्यांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले आहे. त्यांच्या पद्धतीत पंधरा-पंधरा सेकंदांचे अगदी छोटे निरोप जातात आणि गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा क्षीण संकेतही वाचता येतो. त्यांचा खुला प्रोग्रॅम आधी ठळक संकेत ओळखतो, ते आकड्यांतून वजा करतो आणि उरलेल्यात पुन्हा शोधतो. तांदूळ निवडताना मोठे खडे काढल्यावर बारीक दिसू लागतात ना, तसे. यासाठी कुणालाही नवा संच घ्यावा लागला नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर अभिमानाने सांगावे असे आहे. १९६५ मध्ये कल्याणला गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याचा अभ्यास करणारी रेडिओ दुर्बीण उभी केली, ती ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या ३२ छोट्या थाळ्यांमधून. पुढे त्यांच्याच पुढाकाराने नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची प्रचंड दुर्बीण झाली. या तीस थाळ्यांचे संकेत एकत्र जुळवण्याचे काम आधी खास बनवलेली यंत्रे करीत. २०१० च्या सुमारास तिथल्या लोकांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांचा समूह जोडला आणि तेच काम सॉफ्टवेअरने करून दाखवले. थाळ्या त्याच होत्या. नंतर मात्र त्यांनी दुर्बिणीची यंत्रणाही मोठ्या प्रमाणावर सुधारली, कारण तेव्हा नेमके काय कमी पडते ते कळलेले होते.

आणि व्हॉयेजर-२ यान? १९७७ मध्ये सुटलेले. १९८६ मध्ये ते युरेनसजवळ पोचणार होते. तिथून येणारा संकेत फारच क्षीण. यानाला नवा संच लावायला कोण जाणार? पृथ्वीवरच्या अँटेना एकत्र जोडल्या आणि यानातल्या संगणकाला इथूनच नवा प्रोग्रॅम पाठवला, चित्रे आटोपशीर करून धाडण्याचा. वस्तू बदलता येत नाही म्हटल्यावर माणसाची बुद्धी कुठवर जाते बघा. आपल्याला दुकान जवळ असते, हीच कधीकधी अडचण होते.

पण एकच बाजू सांगणे बरे नव्हे. सॉफ्टवेअर म्हणजे संजीवनी नव्हे. भाच्याची काडी लहरींची उंची मोजताना फक्त २५६ पायऱ्या ओळखते. जवळचे एखादे बलवान स्टेशन आले की सगळ्या पायऱ्या तेच व्यापते आणि दूरचा क्षीण संकेत आकडे होण्याआधीच हरवतो. जे आकड्यांत उतरलेच नाही ते कुठलाही प्रोग्रॅम परत आणू शकत नाही. आमटी करपल्यावर वरून कोथिंबीर घालून काय होणार? हेही त्याला मोजूनच कळले. मोजले म्हणून उपायही नेमका सापडला. बलवान स्टेशन अडवणारी गाळणी. जेल रोडच्या दुकानांतून कपॅसिटर आणि चांगली केबल आणली, तारेची वेटोळी मामा-भाच्याने घरी गुंडाळली. सगळा खर्च हजाराच्या आत.

फुकट म्हणतो, तेही पूर्ण खरे नाही. यात पोराचे तीन महिने गेले. कितीतरी रात्री जागरणाच्या. एका विषयात गुण थोडे घसरले, त्यावरून भावाने फोनवर सुनावलेही. केलेला बदल मूळ प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांकडे पाठवला, तर तो तीनदा परत आला. इथे नीट लिही, तिथे चाचणी जोड, अमुक भाग नको. त्यांची भाषा सभ्य पण कडक. भाचा चिडायचा. मी म्हणायची, "अरे, वही तपासून परत देतात म्हणजे वाचतात तरी!" शेवटी त्याच्या बदलाचा निम्मा भाग स्वीकारला गेला. निम्माच. पण त्या दिवशी त्याने स्वतःहून सराफ्यातून जिलब्या आणल्या.

मला यात सगळ्यांत मोलाचे वाटते ते वेगळेच. नव्वद हजारांचा संच आणला असता तर एका घरातला एक रेडिओ सुधारला असता. या निम्म्या बदलाने तो प्रोग्रॅम वापरणाऱ्या प्रत्येकाचा रेडिओ थोडाथोडा सुधारला. खानापुरात, निपाणीत किंवा गडहिंग्लजात एखादा मुलगा अशीच काडी घेऊन बसला असेल, तर त्याच्या गल्लीतली चर्ररही कमी होईल. त्याला कधी कळणारही नाही की ही भानगड स्नेहलतागंजातल्या एका देवघरातून सुरू झाली. विकत घेतलेली वस्तू घरात राहते. सुधारलेली कृती मात्र गावभर फिरते.

भावाला हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा तो रेडिओच्या भाषेत नाही, मागाच्या भाषेत बोलला. "म्हणजे ताणा सैल होता आणि हा नवा माग मागत होता, असंच की!" इतके नेमके आम्हांला कुणालाच सांगता आले नव्हते. कापड बिघडले की तो आधी ताणा बघतो, धोटा बघतो, कांडी बघतो. माग बदलायचा विचार सगळ्यांत शेवटी. पिढीजात धंद्यातले हे शहाणपण पोराच्या नव्या विद्येत जसेच्या तसे लागू पडावे, याची मला मौज वाटते.

आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन दिवाळीआधीच झाले. आता ती काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येते. भाच्याला संच कधीच मिळणार नाही असे कुणी म्हटलेले नाही. ऐकणे काडीवर होते, पण बोलायचे तर संदेश पाठवणारा संच लागतो आणि त्याआधी सरकारी परवाना. सध्या तो त्या परीक्षेचा अभ्यास करतोय. पास झाला की मामा निम्मे पैसे घालणार आहेत. फरक इतकाच, की दुकानात गेल्यावर काय विचारायचे हे आता त्याला ठाऊक आहे. मागच्या वर्षीची त्याची यादी किमतीवरून केलेली होती. या वर्षीची यादी गरजेवरून केलेली आहे आणि ती बरीच आखूड आहे.

घरात मुले असली की असे प्रसंग येतातच. कुणाला महागडा कॅमेरा हवा असतो, कुणाला गिटार, कुणाला नवा लॅपटॉप. लगेच 'नाही' म्हणू नये, कारण आवड खरी असू शकते. लगेच 'हो'ही म्हणू नये. हातात आहे त्या वस्तूचा शेवट गाठलास का, एवढे विचारावे आणि तो मोजून दाखव म्हणावे. मोजल्यावर अंगण खरेच वाकडे निघाले, तर खुशाल गवंडी बोलवावा.